उजवीकडं बघणारे पोपट

केदारखेड्याच्या थांब्यावर उतरा आणि कोणालाही विचारा, बेबीनंदाचं घर कुठं. लहान पोरसुद्धा बोट करून दाखवील. पण मग विचारा, ही बेबीनंदा करते काय. लगेच सगळ्यांची नजर इकडंतिकडं. "काही न्हाई, घरीच असती," म्हणतील. वा रे घरी असणं. बावीस वर्षं या बाईनं भोकरदनपासून जालन्यापर्यंतच्या लग्नांची रुखवतं केली, मांडवातल्या मधल्या टेबलावर तिनं केलेल्या वस्तू मांडल्या गेल्या, पाहुण्यांनी वाकून वाकून बघितल्या, आणि ती म्हणे घरीच असते.

रुखवत म्हणजे नवरीनं सासरी न्यायच्या हातच्या वस्तू. क्रोशाची तोरणं, सुपारीचे नवरा-नवरी, काड्यापेटीच्या काड्यांचं तुळशीवृंदावन, करवंटीचं कासव, तांदळावर मांडलेली सप्तपदीची सात पावलं, आणि नखाएवढे गव्हले भरलेल्या बरण्या. पूर्वी नवरी आणि तिच्या बहिणी-मावश्या चार-सहा महिने खपून हे करायच्या. आता नवऱ्या पुण्यात नोकरीला, मावश्या मोबाइलवर. कोणाला सुईत दोरा ओवता येत नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रत्येकीला सगळं यावं असं कुठं आहे. पण टेबलावर चिठ्ठी काय लावायची? "हस्तकला : चि. सौ. कां." आणि पुढं नवरीचं नाव. जिनं त्या वस्तूला मांडवात पहिल्यांदा हात लावला तिचं.

बरं, बेबीनंदानं कुठं बोलू नये म्हणून या बायकांनी एक रीतच पाडून घेतली होती. वस्तू न्यायला आलेली नवरीची आई आधी बेबीनंदाची ओटी भरायची. खण, नारळ, मूठभर गहू, आणि हळूच कानाशी, "कोणाला सांगायचं न्हाई बरं का, बाई." ओटीत घेतलेला शब्द. आता तो मोडायचा कसा? ओटी भरून तोंड बंद करायची ही युक्ती जिनं कोणी पहिल्यांदा काढली, ती बाई वकील व्हायला पाहिजे होती. बेबीनंदाकडं अशा खणांची एक ट्रंक भरली होती. तिनं त्यातला एकही खण शिवून घातला नाही. पण शब्द मात्र एकदाही मोडला नाही.

तिच्या तोंडाला कुलूप लागायला दुसरंही एक कारण होतं, आणि ते तिच्या सासूच्या घरातलं होतं.

बेबीनंदा डावखुरी. पिंपळगाव रेणुकाईला माहेरी असताना तिच्या आईनं कधी तिचा हात बांधला नाही. आईचं तोरण समोर ठेवून ती क्रोशा शिकली, तर तिच्या डाव्या हातानं सगळं उलटं उतरलं. आईच्या तोरणातले पोपट डावीकडं बघायचे, हिचे उजवीकडं बघायला लागले. आई हसली आणि म्हणाली, राहू दे, तुझे पोपट तुझ्याच वाटंनं जातील. पुढं बेबीनंदानं शेकडो तोरणं केली, पण पोपटांनी मान फिरवली नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी बद्रीनाथशी तिचं लग्न झालं. स्वतःचं रुखवत तिनं स्वतः केलं होतं, आठ महिने खपून. मांडवात बद्रीनाथची आत्या तोरण हातात घेऊन म्हणाली, "लई बारीक काम हाय. सुई कशी धरती गं, दाखव जरा." आणि बेबीनंदानं भाबडेपणानं डावा हात पुढं केला.

उषाबाई वरमाय. त्या तिथंच उभ्या होत्या. त्यांनी तो हात बघितला, भोवतीच्या बायका बघितल्या, आणि सुनेचं मनगट धरून खाली दाबलं. "चेष्टा करून राह्यली ती," त्या म्हणाल्या. "हे समदं इकत आणलेलं हाय. शुभकार्याचं काम डाव्या हातानं कोण करतंय?"

बायका हसल्या. आत्यानं तोरण खाली ठेवलं. आठ महिन्यांचं काम एका वाक्यात बाजारातलं झालं. नवरीनं मांडवात काय बोलावं? बेबीनंदा खाली मान घालून बसली, आणि लोकांना वाटलं, पोरगी लाजली.

दुसऱ्या दिवशी सासूनं घरचा कायदा सांगितला. डावा हात मागच्या खोलीत. चारचौघांत उजवा. वाढायचं उजव्या हातानं, हळदीकुंकू उजव्या हातानं, सही करायची तीही उजव्या हातानं, मग ती अक्षरं कशी का पडेनात. ते तोरणही त्या दिवसापासून कुठं दिसलं नाही. बेबीनंदा धरून चालली की ते चुलीत गेलं. विचारलं मात्र कधी नाही.

चार वर्षांनी चुलत नणंदेच्या लग्नात रुखवत कमी पडायला लागलं, तेव्हा उषाबाईंनाच सुनेची आठवण झाली. मागच्या खोलीचं दार लावून बेबीनंदानं पंधरा दिवसांत टेबल भरून दिलं. तिथून बोलणं या कानाचं त्या कानाला गेलं आणि गिऱ्हाईक यायला लागलं. लग्नाची रुखवतं, मग डोहाळजेवणाच्या टोपल्या, बारशाची झबली-टोपरी, संक्रांतीची वाणं, घराच्या दाराची तोरणं. धंदा वाढला. दारावर पाटी मात्र नाही. पाटी लावली तर येणाऱ्या बायका दिसतील ना.

मजा बघा. जे तिनं स्वतःसाठी केलं ते इकतचं ठरलं, आणि जे विकलं ते दुसरीच्या हातचं. एवढं होऊनही बाईचं डोकं ठिकाणावर राहिलं, याचंच मला नवल वाटतं.

यंदा पन्नाशी जवळ आली तशी बेबीनंदाच्या मनानं एक गोष्ट घेतली. जालन्यात बायकांच्या गृहउद्योगांसाठी एक छोटा बाजार निघत होता. एका समितीनं बारा गाळे बांधले होते आणि ज्या बाया स्वतःच्या हातानं माल करतात त्यांना ते मिळणार होते. बेबीनंदाला एक गाळा हवा होता. गाळ्यापेक्षाही गाळ्यावरची पाटी हवी होती. त्यात रुखवतं ठेवायचीच नाहीत, असं तिनं ठरवलं होतं. तोरणं, टोपल्या, पडदे, घरात वापरायच्या वस्तू. म्हणजे कोणाचा शब्द मोडायला नको आणि आपलं नावही लागेल. एवढी साधी इच्छा.

तिनं अर्ज भरला. अर्जाला कामाचे फोटो लावायचे होते. तिच्याकडं वस्तू एकही नव्हती, कारण केलेली प्रत्येक वस्तू मांडवाकडं गेलेली. फोनमध्ये चार-पाच जुने फोटो होते, त्यात पोपटांचं एक तोरण आणि एक सुपाएवढी टोपली. माणसं, चेहरे, नाव, काही नाही. तेवढेच लावून तिनं अर्ज पाठवला.

पंधरा दिवसांनी समितीचं पत्र आलं. "आपण सादर केलेली छायाचित्रे अन्य उद्योजिकेच्या उत्पादनांची असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी समक्ष येऊन खुलासा करावा."

ही अन्य उद्योजिका म्हणजे गंधाली. जालन्याच्या शरयूताईंची थोरली. चार वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचं सगळं रुखवत बेबीनंदानं केलं होतं. शरयूताईंनी ओटीत भरजरी खण घातला होता. लग्नानंतर गंधाली पुण्याला गेली आणि तिनं हातच्या वस्तूंचा धंदा काढला. मोबाइलवर स्वतःच्या नावाचं पान, आणि त्यावर पहिला फोटो त्याच तोरणाचा. खाली लिहिलेलं, "माझ्या लग्नासाठी मी स्वतः विणलेलं. इथूनच माझा प्रवास सुरू झाला." शेकडो बायकांनी तिला शाबासकी दिली होती. प्रवास म्हणे. केदारखेडा ते मंगल कार्यालय, तोसुद्धा खोक्यातून.

पत्र वाचून बेबीनंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी झाली तिची, आणि खुलासाही तिनंच करायचा.

ठरल्या दिवशी ती एसटीनं जालन्याला गेली. समितीच्या हॉलमध्ये पन्नास-साठ बायका होत्या. समोर कल्याणी मॅडम, बँकेतल्या अधिकारी आणि समितीच्या प्रमुख, कडक पण सरळ बाई. आणि त्यांच्या शेजारी पाहुणी म्हणून गंधाली. तिला नव्या उद्योजिकांना मार्गदर्शन करायला बोलावलं होतं. पहिल्या रांगेत शरयूताई. बेबीनंदानं हॉलभर नजर फिरवली. नऊ बाया अशा होत्या की ज्यांच्या लेकींची रुखवतं तिच्या मागच्या खोलीत झाली होती. नऊही जणी एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

सुरू व्हायच्या आधी शरयूताईंनी तिला दाराशी गाठलं. "बेबीनंदाताई, तुम्ही ओटीत शब्द घेतलाय," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आणि गंधालीचं सासर आज इथं आलंय."

"मी तुमचं नाव घेतलंय का?" बेबीनंदा म्हणाली.

"नाही. घेऊ नका, एवढंच."

तिथं गंधालीही आली. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, थोडी गडबड होती. "मावशी, तसं मी खोटं काही लिहिलं नाहीये. रुखवत माझंच होतं ना," ती म्हणाली. एवढी शिकलेली मुलगी, आणि अर्थाला असा पीळ द्यायला कुठं शिकली कोण जाणे.

मग कल्याणी मॅडमनी विचारलं, "हे तोरण तुमचं आहे, असं तुमचं म्हणणं?"

"हो."

"मग ते गंधालीताईंकडं कसं?"

ओटीतला शब्द आठवून बेबीनंदानं शरयूताईंकडं बघितलं. गंधालीच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या. हॉलमधल्या नऊ तोंडांपैकी एक जरी उघडलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. एकीनंही मूग थुंकले नाहीत. आपल्या लेकीचं बिंग फुटेल या धास्तीनं नऊ जणी दुसरीच्या लेकीचं बिंग राखत बसल्या.

"बरं, भांडण नको," मॅडम म्हणाल्या. "इथं सुई आहे, लोकर आहे. दोन ओळी विणून दाखवा. बरोबर कळेल."

शिपायानं सुई पुढं केली. आणि इथं जे झालं ते आठवलं की अजून माझा जीव कासावीस होतो. बेबीनंदानं सुई घेतली ती उजव्या हातात. सव्वीस वर्षांची सवय. चारचौघांत उजवा. सुई हातात आल्यावर तिच्या ध्यानात आलं, पण तेव्हा साठ जणी बघत होत्या. डाव्या हातात घ्यावी तर या नऊ बायांना आज कळणार की आपल्या लेकींच्या मांडवातलं सगळं शुभ डाव्या हातानं केलेलं होतं. मग उद्या कोण येणार दाराशी? उजव्या हातानं करावं तर तो हात वाढण्यापलीकडं काही शिकलेलाच नाही.

तिनं उजव्या हातानं टाके घालायचा प्रयत्न केला. पहिला सुटला. दुसरा गाठ होऊन बसला. मागून कोणीतरी म्हणालं, "इकत घेऊन इकत असंल." हसणं ऐकू आलं.

इकत. सव्वीस वर्षांनी तोच शब्द, तेच हसणं, आणि तोच दाबून धरलेला हात. या वेळी दाबायला कोणी उभं नव्हतं, तरी हात वर आला नाही. सासूचा कायदा किती मुरला होता बघा.

कल्याणी मॅडम हसल्या नाहीत. "गुरुवारी मी भोकरदनला येणार आहे. तुमच्या घरी येते. तुमचा स्वतःचा, जुना एखादा नमुना दाखवा. नसेल तर अर्ज रद्द करावा लागेल," त्या म्हणाल्या.

बेबीनंदा घरी आली ती तशीच आत गेली. मागच्या खोलीतली सगळी लोकर तिनं उचलली आणि पोत्यात कोंबली. उषाबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांची आता ऐंशी उलटली आहे, पाय चालत नाहीत, कान मात्र शाबूत. हॉलमधली गोष्ट बेबीनंदाच्या आधी गावात पोचली होती.

"काय म्हनल्या बाया?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच वाक्य म्हनल्या," बेबीनंदा म्हणाली. "इकत आणती म्हनल्या. वरून चोर म्हनल्या."

 उषाबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. बेबीनंदानं विचारलंही नाही. कशाला विचारायचं? आयुष्यात पहिल्यांदा तिला सासूची काळजी वाटली नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

गुरुवारी कल्याणी मॅडम आल्या. बद्रीनाथनं खुर्ची ठेवली, पाणी दिलं आणि तो अंगणात जाऊन उभा राहिला. असल्या वेळी अंगणात जाऊन उभं राहणं त्याला चांगलं जमतं.

"काही सापडलं का?" मॅडमनी विचारलं.

"माझ्याकडं काही न्हाई," बेबीनंदा म्हणाली. "केलेलं समदं लोकाच्या घरी गेलं. कोणाच्या ते मी सांगणार न्हाई. तुम्ही अर्ज फाडून टाका."

तेवढ्यात सासूच्या खोलीतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. उषाबाई भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या. त्यांच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते मॅडमच्या मांडीवर ठेवलं आणि लुगडं उलगडलं.

आत तोरण. लोकर पिवळी पडलेली, एका टोकाला उंदरानं कुरतडलेलं. सात पोपट, सातही उजवीकडं बघणारे. मधोमध विणलेलं लग्नाचं साल, आणि खाली दोन नावं, बद्रीनाथ आणि बेबीनंदा.

कल्याणी मॅडमनी फोन काढून गंधालीच्या पानावरचं तोरण बघितलं. मग हे बघितलं. परत ते. एकच हात होता. आणि त्यावर जे साल होतं, त्या साली गंधाली रांगत असेल.

"हे कोणी केलं, आजी?"

"हिनंच. डाव्या हातानं. मांडवात मी म्हनले की इकत आणलंय. खोटं बोलले. मला ठावं होतं."

"मंग सांगितलं का न्हाई?" हे बेबीनंदानं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, पण अंगणातल्या बद्रीनाथनं मान वळवली.

"तवा लोकांनी तुला अवलक्षणी म्हनलं असतं."

"आन् नंतर? सव्वीस वर्षं? तोरण चुलीत गेलं असं समजून राह्यले मी. तुम्ही ट्रंकीत जपून ठिवलं. जाळलं असतं तर परवडलं असतं मला. तुम्हाला आवडलं होतं म्हनून ठिवलं ना? आवडलं होतं, तर एकदा तरी तोंडानं म्हनायचं."

उषाबाई खाली बसल्या. "मी डावरी लपिवली," त्या म्हणाल्या. "चोर न्हाई म्हनले कधी. लोकांनी तुला चोर म्हनलं, ते मला सहन झालं न्हाई."

मॅडमना जरा अवघडल्यासारखं झालं. वातावरण हलकं करायला त्या म्हणाल्या, "चला, आजींनी तुम्हाला वाचवलं म्हणायचं."

"वाचवलं न्हाई, मॅडम," बेबीनंदा म्हणाली. "माझंच होतं. दाबून ठिवलं होतं, ते काढून दिलं."

हे बोलून तिनं पोत्यातली लोकर ओढून बाहेर काढली, फळीवरची सुई घेतली, डाव्या हातात, आणि परक्या माणसासमोर, पुढच्या खोलीत, उघड्या दारात विणायला बसली. चहा होईपर्यंत पहिला पोपट चोचीपर्यंत आला होता. मॅडमनी अर्ज पुढं केला तेव्हा तिनं सहीसुद्धा त्याच हातानं केली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव सरळ रेषेत उभं राहिलं.

गाळा मिळाला. गंधालीनं तो फोटो गुपचूप काढून टाकला. माफी वगैरे काही नाही, तेवढी अपेक्षा कोणी ठेवू नये. नऊपैकी तीन घरांनी डाव्या हाताचं कळल्यावर पुढची कामं काढून घेतली, त्यांच्या मांडवात काय शुभ उजाडतंय ते त्यांचं त्या बघतील. राहिलेल्या येतात, पण आता बेबीनंदा ओटी घेत नाही. आधीच सांगते, चिठ्ठी माझ्या नावाची. कोणी थांबते, कोणी पायरीवरूनच वळते.

गाळा उघडला त्या दिवशी उषाबाईंनी हट्टानं जीप करायला लावली आणि दारात खुर्ची टाकून बसल्या. जुनं तोरण त्यांनीच दारावर बांधायला लावलं, कुरतडलेल्या टोकासकट. पहिलं गिऱ्हाईक आलं, ती बाई नेमकी त्यालाच हात लावून म्हणाली, "हे केवढ्याला दिलं?"

बेबीनंदा तोंड उघडणार तोच सासू बोलली, रस्त्यापलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "ते इकायचं न्हाई. माझ्या सुनेनं लग्नात आणलंय. सोताच्या हातानं करून."

मांडवात बोलायचं वाक्य गाळ्यात बोललं गेलं. ते ऐकायला बद्रीनाथची आत्या नव्हती, त्या हसलेल्या बायका नव्हत्या, बेबीनंदाची आईसुद्धा नव्हती. बेबीनंदाला रडू आलं नाही. तिला सपाटून राग आला, आणि रागातच तिनं गिऱ्हाइकाला दुसरं तोरण काढून दाखवलं, डाव्या हातानं.